चौकटीत न मावलेलं एल जेम

आमच्या कोल्हापूरच्या घरात बैठकीच्या भिंतीवर एक मोठा फोटो आहे. साडेचार फूट लांब, तीन फूट उंच, कॅनव्हासवर छापलेला, साध्या लाकडी चौकटीतला. मधाच्या रंगाच्या दगडाची प्रचंड गोलाकार भिंत, एकावर एक चढवलेल्या कमानींच्या तीन रांगा, वर निळंभोर आभाळ. माणूस एकही नाही. घराला रंग दिला त्या वर्षी एका दुकानातून तो आणला. मागच्या चिठ्ठीवर छापलं होतं, ‘कलोझियम, रोम’. पुढं दहा वर्षं आल्या-गेल्याला आम्हीही तेच सांगत आलो.

शंका आली ती लेकीला. ती नोकरीनिमित्त फ्रान्समध्ये मार्सेयला असते. दिवाळीला आली होती, तेव्हा एका सकाळी चहाचा कप घेऊन फोटोसमोर उभी राहिली ती बराच वेळ हललीच नाही. मग म्हणाली, “आई, रोमच्याला चार मजले आहेत गं. हे तीनच आहेत.”

मी भिंग आणलं. खालच्या डाव्या कोपऱ्यात, चौकटीच्या अगदी कडेला, एका बसक्या पांढऱ्या घराचा तुकडा दिसत होता. निळं दार, त्याच्या बाजूला खजुराच्या झाडाची झावळी, आणि दारावरच्या पाटीवर अरबी अक्षरं. दहा वर्षं ती पाटी तिथंच होती.

मग आम्ही दोघी कामालाच लागलो. रोमचं कलोझियम ४८ मीटरच्या आसपास उंच आहे. त्याच्या खालच्या तीन मजल्यांवर कमानी आहेत आणि चौथा मजला म्हणजे छोट्या खिडक्यांची जवळपास सपाट भिंत. तळमजल्याला मूळच्या ८० कमानी. दगड फिकट पांढुरका, आणि आतल्या कामात वीट भरपूर. आमच्या फोटोत वीट औषधालाही नव्हती. संध्याकाळपर्यंत नाव सापडलं : एल जेम, ट्युनिशिया. रोमन काळातलं थिस्ड्रस. लेक म्हणाली, “पुढच्या वर्षी जाऊ या.” मी त्याच क्षणी हो म्हटलं.

कोल्हापूरच्या माणसाला या प्रकारच्या वास्तूची ओढ मुद्दाम लावावी लागत नाही. राजर्षी शाहू महाराज १९०२ साली युरोपात गेले होते. रोममधलं जुनं मैदान त्यांनी पाहिलं आणि पुढं त्याच धर्तीवर खासबागेत कुस्तीचं मैदान बांधून घेतलं. १९१२ साली ते उभं राहिलं. मधोमध तांबड्या मातीचा हौदा आणि चहूबाजूंनी वर चढत गेलेली बैठक, म्हणजे शेवटच्या रांगेतल्या माणसालाही पाठ लागलेली स्वतःच्या डोळ्यांनी दिसावी. सहा-सात वर्षांची असताना आजोबांनी मला तिथं नेलं होतं. कुस्ती कुणाकुणाची होती ते आठवत नाही. आठवतो तो आवाज. हजारो माणसांच्या गळ्यातून एकदम उठलेला, चारी बाजूंनी उतरत येऊन मधल्या मातीवर कोसळणारा. आमच्या फोटोतल्या त्या रिकाम्या कमानी बघताना मला नेहमी तोच आवाज ऐकू यायचा.

नोव्हेंबरात आम्ही ट्युनिसला भेटलो आणि तिथून आगगाडीनं समुद्रकाठच्या सूसला गेलो. एल जेमला थेट न जाता सूसला एक रात्र थांबा, असं मी जाणाऱ्या प्रत्येकाला सांगेन. कारण तिथल्या कसब्यात, म्हणजे जुन्या गढीत, जे संग्रहालय आहे तिथं एक मोझेक आहे. रंगीत दगडांचे नखाएवढे तुकडे बसवून केलेली ही जमीन स्मिरात नावाच्या गावी, मागेरियस नावाच्या एका रोमन काळातल्या श्रीमंताच्या घरात सापडली. तिसऱ्या शतकातलं काम. ते न बघता एल जेमला गेलं तर तिथं फक्त दगड दिसतील.

मोझेकमध्ये चार शिकारी चार बिबट्यांशी झुंजतायत. शिकाऱ्यांची नावं त्यांच्या शेजारी लिहिलेली आहेत आणि बिबट्यांचीही. एका बिबट्याचं नाव व्हिक्टर, दुसऱ्याचं रोमानुस. प्रत्येकाच्या अंगात भाला घुसलेला, आणि रक्ताच्या जागी लाल दगडाचे तुकडे ओघळासारखे बसवलेले. मधोमध एक तरुण तबक घेऊन उभा आहे. तबकात चार थैल्या. त्याच्या दोन्ही बाजूंना लॅटिन मजकूर. लेकीनं खालची फ्रेंच पाटी वाचून सगळं समजावलं. हे शिकारी तेलेगेनी नावाच्या मंडळीचे होते, म्हणजे जनावरांचे खेळ ठेक्यानं करून देणारा संघच तो. खेळ संपल्यावर पुकारणारा लोकांना म्हणतो, प्रत्येक बिबट्यामागे या शिकाऱ्यांना ५०० दिनार द्यायला पाहिजेत, कोण देतं? आणि लोक मागेरियसच्या नावानं ओरडायला लागतात. श्रीमंत असावं तर असं, सत्ता असावी तर अशी! थैल्यांवर जी खूण आहे ती हजाराची आहे. मागितले त्याच्या दुप्पट त्यानं दिले आणि नंतर तो सगळा प्रसंग, लोकांच्या आरोळ्यांसकट, स्वतःच्या घरच्या जमिनीत कायमचा बसवून घेतला.

मी तिथं अर्धा तास उभी होते. ॲम्फिथिएटर म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढं ढाल-तलवारवाले ग्लॅडिएटर येतात. उत्तर आफ्रिकेत मात्र जनावरांची शिकार हाच लोकांचा सगळ्यात आवडता खेळ होता, आणि इथले सिंह-बिबटे जहाजात चढून थेट रोमपर्यंत जात. या खेळांचा खर्च गावातले धनवान करायचे. तो केला की गाव त्यांना मानायचं. मैदान बांधण्यामागचं सगळं गणित त्या चार थैल्यांत आहे.

दुसऱ्या दिवशी सकाळी लुआज पकडलं. लुआज म्हणजे आपलं वडापच. आठ जणांची गाडी, वेळापत्रक नाही, सीट भरल्या की निघायची, आणि चालक अड्ड्यावर उभा राहून गावाचं नाव घेत ओरडत असतो. शेजारी एक आजी बसल्या होत्या. मांडीवर प्लास्टिकचा डबा, त्यात ताजं काढलेलं ऑलिव्हचं तेल. रस्त्याला खड्डा आला की त्या दोन्ही हातांनी डबा पोटाशी धरायच्या. झाकण लावलेलं असूनही गाडीभर वास दरवळत होता, हिरवा, किंचित तिखट, ताज्या कापलेल्या गवतासारखा.

बाहेर सगळीकडे ऑलिव्ह. सपाट, कोरडी जमीन आणि तिच्यावर फुटपट्टी लावून आखल्यासारख्या झाडांच्या रांगा. जसजसं दक्षिणेला जावं तसतसं दोन झाडांमधलं अंतर वाढत जातं, कारण पाऊस कमी आणि प्रत्येक झाडाच्या मुळांना पाण्यासाठी लांबवर पसरावं लागतं. काढणीचा हंगाम होता. झाडाखाली जाळ्या-चादरी अंथरलेल्या, शिड्या लावलेल्या, डोक्याला रुमाल बांधलेल्या बायका फांद्यांमधून बोटं ओढत फळं खाली पाडत होत्या. पूर्वी बोटं सोलवटू नयेत म्हणून बोटांवर बकऱ्याची शिंगं चढवत, असं लेकीनं वाचलं होतं. तिनं आजींना विचारलं. आजी हसल्या आणि स्वतःची तीन बोटं वर करून त्यांच्यावर काहीतरी टोपीसारखं घालण्याची खूण करून दाखवली.

मग रस्ता किंचित वळला आणि समोर ते उभं होतं. त्या सपाट मुलखात दुसरं उंच असं काही नाहीच. घरांच्या छपरांवरून ते असं वर आलंय, की गाव त्याच्या पायाशी बसल्यासारखं वाटतं. मला आधी फोटो आठवला आणि दुसऱ्याच क्षणी वाटलं, फोटो फारच लहान आहे.

आकडे सांगते. लांबी १४८ मीटर, रुंदी १२२, उंची साधारण ३६. मधलं मैदान ६५ मीटर लांब आणि ३९ रुंद. बैठक ३५,००० माणसांची मानतात. बाहेरच्या भिंतीला एकेका मजल्यावर मूळच्या ६४ कमानी. बांधकाम इ. स. २३८च्या सुमाराचं. दगड सुमारे ३० किलोमीटरवरच्या सलक्ता या समुद्रकाठच्या गावच्या खाणीतून आला. इतकं मोठं बांधकाम, पण त्याला खोल पाया नाही आणि कुठल्या टेकडीचा आधारही नाही. सगळा भार दगडांनी एकमेकांवर पेलून धरलाय. १९७९ साली युनेस्कोनं त्याला जागतिक वारशाच्या यादीत घेतलं.

ॲम्फिथिएटर या शब्दातल्या ‘ॲम्फी’चा अर्थ दोन्ही बाजूंनी, भोवताली. रोमन नाट्यगृह अर्ध्या वर्तुळाचं असतं. तशी दोन समोरासमोर जोडली की हा लंबगोल तयार होतो. आणि ‘अरेना’ म्हणजे लॅटिनमध्ये वाळू. सांडलेलं रक्त शोषलं जावं म्हणून मैदानात वाळू पसरत, तिच्यावरून हे नाव पडलं. आमच्याकडे हौद्यातली माती ताक, तेल, हळद, लिंबू घालून तयार करतात, पैलवानाचं अंग सोलवटू नये म्हणून. त्या वाळूवर उभं राहिल्यावर मला हे आठवलं आणि मी लेकीला सांगितलं. ती बराच वेळ पायाखाली बघत राहिली.

खालचा भाग सगळ्यात अस्सल राहिलाय. मैदानाच्या पोटात लांबच्या लांब दगडी बोळ आहे, दोन्ही बाजूंना कमानीच्या कोठड्या. जनावरं आणि माणसं इथं थांबवून ठेवत आणि वेळ आली की वर उचलून घेत. वरच्या फटीतून उन्हाचा एक पट्टा आत येतो आणि बोळाच्या मधोमध सरळ रेषेत पडतो. एका कोठडीत जाऊन मी भिंतीला हात लावला. दगड थंड होता आणि इतका भुसभुशीत, की बोटांना वाळूची कणी लागली. वरून पर्यटकांची बोलणी ऐकू येत होती. शब्द कळत नव्हते, फक्त गुंजन. आत बांधून ठेवलेल्या जिवाला ३५,००० माणसांचा आवाज इथं कसा ऐकू येत असेल, हा विचार मनात आला आणि मला तिथं थांबवेना.

वर चढलो. बैठकीचा काही भाग नव्यानं दुरुस्त केलाय, तो लगेच ओळखू येतो. उन्हाळ्यात इथं पाश्चात्त्य शास्त्रीय संगीताचा महोत्सव भरतो, त्यालाही ही बैठक लागते. तिसऱ्या मजल्याच्या कमानीशी पोचल्यावर मात्र मी फोटो विसरले. कारण समोरची बाजू तिथं नव्हतीच.

आमच्या भिंतीवरच्या फोटोत अखंड भिंत आहे. फोटो काढणाऱ्यानं शाबूत बाजू धरली, पहाटेची वेळ धरली, माणसं टाळली. पण या लंबगोलाचा एक मोठा तुकडा पार कोसळलेला आहे. वरून बघितलं, की त्या भगदाडातून गाव थेट आत आलेलं दिसतं. गच्चीवर वाळत घातलेले कपडे, विजेच्या तारा, पाण्याच्या टाक्या, चहाच्या दुकानासमोर मांडलेल्या प्लास्टिकच्या खुर्च्या, सायकलवरून जाणारा एक पोरगा.

हे भगदाड भूकंपानं पडलेलं नाही. रोमन राज्य गेल्यावर या वास्तूचा गढीसारखा वापर होत राहिला. सातव्या शतकाच्या अखेरीला अरब सैन्याशी लढणारी बर्बर जमातीची राणी काहिना हिनं इथं आसरा घेतला होता, अशी कथा गावात सांगतात. इथून समुद्रापर्यंत एक भुयार होतं आणि त्यातून तिला रसद यायची, असंही म्हणतात. भुयार दंतकथेतलं, पण तिचं नाव गावात अजून अभिमानानं घेतात. खाली चहा देणाऱ्या गृहस्थांनी लेकीला पहिली माहिती दिली ती राणीची, रोमनांची नंतर. पुढं १६९५ साली ट्युनिसचा शासक महंमद बे याच्याविरुद्ध बंड झालं, बंडवाले या भिंतींच्या आत शिरले, आणि पुन्हा कुणाला असा आसरा मिळू नये म्हणून त्यानं तोफा लावून भिंत फोडली. एकदा भगदाड पडल्यावर दगड मोकळे झाले. गावानं ते घरांना नेले. कैरुआनच्या थोरल्या मशिदीपर्यंत इथले दगड गेल्याचं सांगतात.

यात मला लुटालूट दिसली नाही. आपल्याकडे किल्ल्यांच्या पायथ्याच्या गावांत जोत्याला तटाचे चिरे दिसतात, तेव्हा मन जरा खट्टू होतं, पण त्या घरांत माणसं पिढ्यान्‌पिढ्या राहिलेली असतात. एल जेमच्या एका बोळात आम्ही थांबलो. कुंभारी रंगाच्या गिलाव्याचा पोपडा गेला होता आणि आत मधाच्या रंगाचा एक घडीव चिरा दिसत होता, बाकीच्या दगडांच्या दुप्पट मोठा. त्याच्यावर खिळा ठोकून पक्ष्याचा पिंजरा टांगला होता. हा चिरा आमच्या फोटोत असायला हवा होता, असं मला फार वाटलं.

वरून आणखी एक गोष्ट दिसते : ऑलिव्ह. चारी दिशांना, नजर पोचेल तिथपर्यंत. इथं नदी नाही, बंदर नाही. मग एवढं अवाढव्य मैदान इथं का? त्याचं उत्तर ही झाडं. दुसऱ्या-तिसऱ्या शतकात थिस्ड्रस तेलावर श्रीमंत झालं. रोमला दिवे लावायला, स्वयंपाकाला, अंगाला चोळायला तेल लागायचं आणि ते या मुलखातून जायचं. आणि तेलावरूनच इथं एक मोठा भडका उडाला. २३८ साली सम्राट मॅक्सिमिनसचा वसुली अधिकारी इथल्या जमीनदारांना पिळून काढत होता. तरुण जमीनमालकांनी आपली कुळं गोळा केली, कपड्यांत सोटे-कुऱ्हाडी लपवून गावात आणली आणि त्या अधिकाऱ्याला मारलं. आता माघार नव्हती. म्हणून प्रांताचा म्हातारा राज्यपाल गॉर्डियन, वय ऐंशीच्या घरातलं, त्याला त्यांनी गाठलं आणि सम्राट म्हणून जाहीर केलं. त्यानं मुलाला सोबत घेतलं, रोमच्या सिनेटनंही दोघांना मान्यता दिली. पण शेजारच्या नुमिडियाचा राज्यपाल कॅपेलियानस सैन्य घेऊन प्रांताची राजधानी असलेल्या कार्थेजवर चालून आला. मुलगा लढाईत पडला, बापानं गळफास घेतला. राज्य जेमतेम तीन आठवड्यांचं. हे मैदान त्याच सुमाराचं, आणि ते कधी पूर्ण झालंच नसावं, असं बऱ्याच अभ्यासकांचं मत आहे.

दुपारी रस्ता ओलांडून पलीकडच्या जुन्या मैदानाकडे गेलो. तिथं कुणी फिरकत नाही. मोठं मैदान होण्याआधी गावात दोन लहान मैदानं होती, एकाच जागी, एकावर एक. पहिलं मऊ खडकाच्या टेकाडातच कोरलेलं. आता तिथं मातीचा एक खोलगट वाडगा उरलाय, कडेला गवत. खासबागेची आठवण मला मोठ्या मैदानात आली नाही इतकी इथं आली.

शेजारच्या संग्रहालयासाठी निदान दोन तास ठेवावेत. गावातल्या रोमन घरांच्या जमिनी तिथं आहेत, आणि एक अख्खं घर मूळ आराखड्याबरहुकूम पुन्हा उभं केलंय. त्या घरातल्या मोझेकमध्ये ‘आफ्रिका’ देवी आहे. गव्हाळ चेहरा, मोठे डोळे, डोक्यावर हत्तीच्या मस्तकाचं शिरस्त्राण, सोंड आणि सुळे पुढं आलेले. ‘आफ्रिका’ हे रोमनांच्या लेखी याच प्रांताचं नाव, पुढं ते सगळ्या खंडाला मिळालं. एल जेमचंच आणखी एक मोझेक परतीच्या वाटेवर ट्युनिसच्या बार्दो संग्रहालयात पाहिलं. खेळाच्या आदल्या रात्री जेवायला बसलेले पाच गडी, मोठमोठ्यानं बोलणारे, आणि खाली मैदानात पाय मुडपून झोपलेले बैल. कुणीतरी त्या गड्यांना सांगतंय, गप्प बसा, बैलांना झोपू द्या. इतक्या क्रूर खेळाच्या गावात कुणा कारागिराला बैलांची झोप दिसली, याचं मला अजून अप्रूप वाटतं.

संध्याकाळी पुन्हा मैदानात गेलो. ऊन उतरलं, की दगड मधाचा राहत नाही, विटकरी होतो. गर्दी पांगली होती. लेक वर तिसऱ्या मजल्यावर गेली, मी वाळूत मधोमध उभी राहिले आणि साध्या आवाजात तिला हाक मारली. ओरडले नाही. तिनं वरून हात हलवला. खाली आल्यावर म्हणाली, “आई, अगदी कानाशी बोलल्यासारखं ऐकू आलं.”

कोल्हापूरला परतल्यावर फोटो खाली उतरवला. पुसला आणि मागची ‘कलोझियम, रोम’ ही चिठ्ठी ओल्या फडक्यानं भिजवून हलकेच सोडवून काढली. तिथं पांढरा कागद चिकटवून मी लिहिलं : एल जेम, ट्युनिशिया. जुनं नाव थिस्ड्रस. बांधकाम इ. स. २३८च्या सुमारास. दगड सलक्ताच्या खाणीचा. दुसरी बाजू १६९५ साली तोफेनं पाडलेली, तिचे दगड गावातल्या घरांत.

लेक फोनवर होती. तिला वाचून दाखवलं.

“तेलाचं राहिलं की,” ती म्हणाली.

मी पेन पुन्हा उघडलं आणि शेवटी लिहिलं : पैसा ऑलिव्हच्या तेलाचा.